शिवी, नाव आणि स्वाभिमान
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्धापनदिनाला वक्ता बोलावला की तो बहुधा इतिहास सांगतो आणि शेवटी शिक्षणाचं महत्त्व पटवून खाली बसतो. आज समितीने मला विषय दिला तो मात्र जरा अडचणीचा आहे. आपली काही तरुण मुलं एकमेकांना जातीच्या जुन्या शिवीने हाक मारू लागली आहेत. मोबाईलवरच्या ग्रुपला तेच नाव आहे, टी-शर्टवर तेच छापलेलं आहे. ज्येष्ठांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. ते म्हणतात, "ज्या शब्दापायी आम्ही शाळेच्या दाराबाहेर बसलो, तो तुम्ही छातीवर मिरवता?" मुलं म्हणतात, "आजोबा, आम्हीच आम्हाला म्हणतो, तेव्हा दुसऱ्याला काही म्हणायला उरतच नाही. शिवीतली हवाच आम्ही काढून घेतली." आणि पुढे सांगतात की अमेरिकेतले काळे गायकसुद्धा हेच करतात.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून कुणाला दटावण्याआधी हा प्रश्न नीट समजून घेऊ. मुलांनी अमेरिकेचं उदाहरण दिलं आहे, तर तिथूनच सुरुवात करू.

पण त्याआधी एक गोष्ट. शिवी तयार कशी होते? 'महार' हे एका जातीचं नाव. त्याला हेटाळणीचा एक प्रत्यय जोडला की 'म्हारडा' होतो. हा शब्द मी आज एकदाच उच्चारतो आहे, तोही कळावा म्हणून. शब्दात फरक एका अक्षराचा, पण त्या अक्षरामागे गाव, पाटील, विहीर आणि काठी उभी असते. शिवीचं बळ त्या काठीत असतं. आपण चिडून पाटलाला काहीही म्हटलं असतं, तरी त्याचं पाणी बंद झालं नसतं. आपलं मात्र झालं असतं. अमेरिकेतही तसंच घडलं. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत 'निग्रो' म्हणजे काळा, एवढाच अर्थ. हाच शब्द गोऱ्या मालकाच्या तोंडी बिघडत गेला आणि त्याची शिवी झाली. ती तिथे इतकी विषारी मानली जाते की सभ्य माणसं तिचा उल्लेख नुसता 'एन-शब्द' असा करतात. मीही तसाच करीन.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, शिवी संपली नाही. मग काळ्या समाजापुढे प्रश्न आला की आपण स्वतःला काय म्हणायचं? १९०९ साली त्यांची एक मोठी संघटना निघाली, एनएएसीपी. तिच्या नावात 'कलर्ड', म्हणजे रंगीत, हा शब्द आहे. पुढे सुशिक्षित मंडळींनी 'निग्रो' हा शब्द मानाने वापरायला घेतला. त्या संघटनेचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस 'द क्रायसिस' या तिच्या मासिकाचे संपादक होते. हे तेच डु बॉइस, ज्यांच्याशी बाबासाहेबांचा १९४६ साली पत्रव्यवहार झाला. काळ्यांच्या संघटनेने युनोकडे दाद मागितली, तिची प्रत बाबासाहेबांनी त्यांच्याकडे मागितली होती.

या डु बॉइसना १९२८ साली एका शाळकरी मुलाने पत्र लिहिलं. 'निग्रो' हा गोऱ्यांनी लादलेला शब्द आहे, तो तुम्ही का वापरता, अशी त्याची तक्रार होती. डु बॉइसनी मासिकातच उत्तर दिलं. त्याचा सार असा की, बाळा, नाव आणि वस्तू यांत गल्लत करू नकोस. मनातला द्वेष तसाच राहिला, तर उद्या तू घेतलेलं नवं नावही त्याच द्वेषाने मळेल. पण हेच डु बॉइस 'निग्रो' शब्द मोठ्या अक्षराने छापावा म्हणून वर्षानुवर्षं झगडत होते आणि १९३० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते मान्य केलं. म्हणजे नावाने सगळं होत नाही, आणि नावावाचून चालतही नाही. ही दोन्ही टोकं त्यांनी धरून ठेवली होती.

पुढे १९६६ साली मिसिसिपी राज्यात स्टोकली कार्मायकल या तरुण नेत्याने 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा दिली. तोपर्यंत 'ब्लॅक' म्हटलेलं अनेक काळ्या माणसांनाच खपत नसे. तो शब्द पोरांनी उचलला, अभिमानाने डोक्यावर घेतला, आणि काही वर्षांत तो सन्मानाचा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्याचा आवाज मुंबईपर्यंत आला आणि १९७२ साली आपली दलित पँथर उभी राहिली. तेव्हा तरुण मित्रांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. नको असलेला शब्द जिंकून घेता येतो, याचं हे मोठं उदाहरण आहे. १९८८ साली जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन-अमेरिकन' हे नाव पुढे आणलं. तेही आज चालतं आणि 'ब्लॅक'ही चालतं.

मग एन-शब्दाचं काय? इथे मात्र त्या समाजात आजही दोन तट आहेत.

एक तट म्हणतो, शब्द आमचा आहे. डिक ग्रेगरी नावाच्या विनोदवीराने १९६४ साली आपल्या आत्मचरित्राला तोच शब्द शीर्षक म्हणून दिला आणि अर्पणपत्रिकेत आईला कळवलं की यापुढे हा शब्द कानावर आला तर समज, लोक माझ्या पुस्तकाची जाहिरात करताहेत. किती हसरी आणि किती दुखरी गोष्ट आहे ही! रिचर्ड प्रायर या दुसऱ्या कलावंताने १९७४ साली आपल्या रेकॉर्डच्या नावातच तो शब्द घातला. लोकांनी डोक्यावर घेतलं. १९८०च्या दशकाच्या शेवटी रॅप गाणाऱ्यांनी तो घरोघरी नेला. त्यांचं म्हणणं असं की आमच्या गल्लीत हा शब्द 'भावा, दोस्ता' अशा अर्थाने चालतो, मालकाची शिवी आम्ही मैत्रीची केली.

दुसऱ्या तटाचीही गोष्ट ऐका. हाच रिचर्ड प्रायर १९७९ साली आफ्रिकेत केनियाला गेला. तिथे चहूकडे काळी माणसं पाहिली, पण त्या शब्दाला लायक असा एकही माणूस दिसला नाही. परत आल्यावर त्याने तो शब्द सोडला आणि रंगमंचावरून तसं सांगितलं. ज्याने त्या शब्दावर नाव कमावलं, त्याचंच हे मत आहे. २००७ साली जुलैत एनएएसीपीचं अधिवेशन डेट्रॉइटला भरलं, तेव्हा त्या शब्दाची अंत्ययात्रा काढली. दोन घोड्यांनी लाकडी शवपेटी ओढली, मागून लोक चालले, आणि शब्दाला मूठमाती दिली. पण शब्द काही मेला नाही. गाण्यात आजही आहे आणि गोऱ्या द्वेष्ट्याच्या तोंडीही आहे.

कायदा यात काय करतो? अमेरिकेत आशियाई वंशाच्या तरुणांचा एक वाद्यवृंद होता. मिचमिच्या डोळ्यांवरून आशियाई माणसाला ज्या शब्दाने चिडवतात, तोच त्यांनी वृंदाचं नाव म्हणून घेतला, 'द स्लँट्स'. सरकारने ट्रेडमार्क नाकारला, कारण नाव अपमानकारक. ते कोर्टात गेले आणि जून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. पोरांनी शब्द जिंकला म्हणून आपण टाळ्या वाजवू. पण त्याच निकालाचा फायदा मूळ अमेरिकन आदिवासींना हिणवणारं नाव बाळगणाऱ्या वॉशिंग्टनच्या एका श्रीमंत फुटबॉल संघालाही मिळाला. आदिवासी ते नाव रद्द करा म्हणून वर्षानुवर्षं भांडत होते, त्यांचा कायद्याचा रस्ता बंद झाला. ते नाव गेलं ते जुलै २०२० मध्ये, पैसे देणाऱ्या कंपन्यांनी दबाव आणल्यावर. म्हणजे आपण आपल्यासाठी दार उघडलं की त्याच दाराने दुसराही आत येतो. मुलं म्हणतात, आम्हीच आम्हाला म्हणतो. पण ग्रुपमध्ये इतर जातींचे मित्रही असतात ना? ते ऐकतात, शिकतात, आणि एक दिवस भांडणात तोच शब्द वापरतात. मग आपलं पोर काय म्हणणार? "काल चालत होतं, आज का नाही," असं समोरचा विचारतो, आणि उत्तर देताना आपलीच जीभ अडखळते.

आता आपल्या देशात येऊ. हा वाद आपल्याकडे अमेरिकेतून आलेला नाही. तमिळनाडूत पराइयर नावाची जात आहे. 'पराई' म्हणजे ढोल, त्यावरून नाव. इंग्रजांनी ते उचललं आणि 'पराया' हा इंग्रजी शब्द झाला, अर्थ काय तर वाळीत टाकलेला. जगातली वर्तमानपत्रं आजही तो बिनदिक्कत छापतात आणि यात एका जिवंत समाजाचं नाव आहे याची आठवणही कुणाला नसते. या समाजात दोन थोर पुरुष झाले, दोघे नात्याने मेहुणे. रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ साली वर्तमानपत्र काढलं आणि त्याचं नाव मुद्दाम 'पराइयन' ठेवलं. लाजायचं कशाला, याच नावाने हक्क मागू, ही त्यांची भूमिका. त्यांचे मेहुणे पंडित अयोथीदास यांना ते नाव मुळीच मान्य नव्हतं. ते म्हणत, हे नाव शत्रूने चिकटवलेलं आहे, आपण मूळचे बौद्ध आहोत. १८९८ साली त्यांनी मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. १९०७ साली पत्र काढलं, त्याच्या नावात 'तमिळन' हा शब्द घेतला. एकाच घरात दोन मार्ग, पण दोघांचीही तळमळ खरी. पुढे हेच श्रीनिवासन गोलमेज परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी बसले. तेव्हा या मुद्द्यावर आपल्यात मतभेद झाले, तर कुणी कुणाला समाजद्रोही ठरवायचं कारण नाही.

बाबासाहेबांनी काय केलं? त्यांच्या पत्रांची नावं एकापुढे एक मांडून बघा. १९२० साली 'मूकनायक'. १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. १९३० साली 'जनता'. आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. पहिल्या दोन नावांत जखम उघडी करून दाखवली आहे. होय, आमची वाचा बंद केली, होय, आम्हाला बाहेर ठेवलं. पण ते तिथेच थांबले नाहीत. मुक्यापासून प्रबुद्धापर्यंतचा प्रवास छत्तीस वर्षांत नावानावांतून केला. जखम लपवायची नाही, पण जखमेलाच आपलं कायमचं नाव करायचं नाही, हे मला त्यातून दिसतं.

आणि दुसऱ्याने दिलेलं गोड नावही त्यांनी घेतलं नाही. 'हरिजन' शब्दात शिवी कुठे आहे? पण जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात एका विधेयकात तो शब्द आला, तेव्हा भाऊराव गायकवाडांनी विरोध केला. सरकार पक्षाने ऐकलं नाही, तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षासह सभागृहाबाहेर पडले. आमचं नाव तुम्ही ठरवणार कोण, हा त्यांचा सवाल होता. केंद्र सरकारने पुढे १९८२ साली तो शब्द सरकारी कामकाजातून काढायला सांगितलं. आज सरकारी योजनांच्या कागदांवर 'नवबौद्ध' असं छापलेलं असतं. १९५६ पासून पिढ्या गेल्या, आणखी किती वर्षं नवे राहायचं, असं आपल्या बायाबापड्या विचारतात. तोही रास्त प्रश्न आहे.

'दलित' शब्दावरही आपल्यात दोन मतं आहेत. २०१८ साली नागपूर खंडपीठाच्या निर्देशानंतर केंद्राने वाहिन्यांना तो शब्द टाळण्याचा सल्ला दिला. काहींना बरं वाटलं. काही म्हणाले, हा आमच्या चळवळीचा शब्द आहे, तो सरकारने का काढावा? माझ्या मते तो शिवी नाही. तो भरडला गेलेला, एवढंच सांगतो आणि भरडणारा कोण ते विचारायला लावतो. ज्याला स्वतःला बौद्ध म्हणवून घ्यायचं आहे त्याला बौद्ध म्हणा, इतकं सौजन्य पुरे. उत्तरेत आणि पंजाबात काही तरुणांनी चर्मकार जातीचं हिणवलं जाणारं नावच अभिमानाने लावलं आहे. जालंधरच्या गिन्नी माही या गायिकेचं तसं गाणं २०१६ च्या सुमाराला गाजलं. आपण इथे बसून त्यांना नावं ठेवू नयेत. त्यांच्या गावचा रस्ता त्यांना माहीत.

आता तथागतांकडे वळतो, कारण आपण विहारात बसलो आहोत. सुत्तनिपातात वसलसुत्त आहे. तथागत श्रावस्तीत भिक्षेला निघाले असता अग्गिक भारद्वाज ब्राह्मणाने दुरूनच ओरडून त्यांना 'वसल' म्हटलं. वसल म्हणजे नीच, बाहेरचा. तथागत चिडले नाहीत. आणि होय, मी वसल, असंही म्हणाले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं की वसल म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे का? आणि मग एकेक करून सांगितलं की जो क्रोधी आहे, जो चोरी करतो, जो म्हाताऱ्या आईबापाला सांभाळत नाही, तो वसल. जन्माने कोणी वसल होत नाही, कर्माने होतो. वर चांडाळपुत्र मातंगाचं उदाहरण दिलं. शिवीचा अर्थच त्यांनी उलटून ठेवला आणि ती जन्मावरून उचलून आचरणावर नेली.

विनयात आणखी एक नियम आहे. भिक्षूने दुसऱ्या भिक्षूला जातीवरून, नावावरून, धंद्यावरून, आजारावरून, रूपावरून हिणवलं तर तो दोष ठरतो. त्याच ठिकाणी नंदिविशाल बैलाची गोष्ट येते. तक्षशिलेच्या ब्राह्मणाने आपला बैल शंभर गाड्या ओढील अशी पैज लावली आणि ऐन वेळी त्याला अपशब्दाने हाकलं. बैल जागचा हलला नाही. पुढच्या वेळी मायेने बोलला, तेव्हा बैलाने शंभर गाड्या ओढल्या. आयांनो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. बैलालासुद्धा शिवी कळते, तर आपलं लेकरू काय!

यावरून मी एक साधा निकष ठेवतो. शिवी साक्षीला ठेवावी, हाकेला वापरू नये.

साक्षीला म्हणजे कसं? दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. अशा पुस्तकांतल्या शिव्या खोडायच्या नाहीत. त्या काढल्या तर अत्याचारच पुसला जाईल. कवीने, गायकाने मंचावरून तो शब्द फेकला तर तो कुणाला लागतो आहे ते बघा. वरच्याला लागत असेल तर ती साक्ष आहे. कोर्टातही ती साक्ष लागते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जातीचं नाव हिणवण्याच्या इराद्याने घेतलं तर तो गुन्हा होऊ शकतो, शब्दाचा अर्थ आज लोकांत कसा चालतो ते पाहिलं पाहिजे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, तिच्यात लोकांसमक्ष जातीवाचक शिवीगाळ हा गुन्हा स्पष्ट लिहिला आहे. म्हणून मुलीला शाळेत, मुलाला कामावर कुणी काही बोललं, तर नेमका शब्द, तारीख, वेळ आणि तिथे कोण होतं हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. लाजेपोटी 'वाईट बोलले' एवढंच सांगू नका. तिथे तो शब्द पूर्ण सांगायचा.

हाकेला मात्र नको. कारण ती हाक फक्त मित्रालाच ऐकू जात नाही. ओट्यावर बसलेल्या आजीला ऐकू जाते, जिच्यासाठी तो शब्द अजून गंमत झालेला नाही. पहिलीतल्या मुलीला ऐकू जाते, जिला उद्या तो वर्गात ऐकावा लागेल आणि जिच्याजवळ तुमच्यासारखी मनगटातली ताकद नसेल. शिवीतली हवा काढली असं तुम्ही म्हणता. त्या मुलीच्या वर्गात ती निघाली आहे का, ते आधी तिला विचारा.

आणि एक कडू गोष्ट सांगतो, राग मानू नका. आपल्या तोंडात दुसऱ्यांसाठी शिव्या नाहीत का? सफाई काम करणाऱ्या समाजाचं नाव आपणही भांडणात शिवीसारखं घेतो. ईशान्येकडची मुलं दिसली की त्यांच्या डोळ्यांवरून, आफ्रिकेतला विद्यार्थी दिसला की रंगावरून बोलतो. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या दिसण्यावरून चिडवलं, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. सुरुवात एका टोमण्याने झाली होती. आपली शिवी परत मिळवायची चर्चा करण्याआधी दुसऱ्याला दिलेली शिवी आपण परत घेतली पाहिजे.

शेवटी डु बॉइसचा इशारा पुन्हा आठवतो. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय आहे. पण पाटी बदलली आणि नळाला पाणी, रस्त्याला दिवा, स्मशानाला वाट तीच राहिली, तर काही वर्षांनी नव्या नावाचीही शिवी होईल. आजच 'जयभीमवाले' हा शब्द काही लोक नाक मुरडून म्हणतात. तरीही आपण तो सोडला नाही, कारण तो आपण निवडलेला आहे, आपल्या माणसाच्या नावाचा आहे. मुलांनो, टी-शर्टवर छापायचंच असेल, ग्रुपला नाव द्यायचंच असेल, तर असा शब्द निवडा की तो वाचून आजीलाही मान वर करावीशी वाटेल. असे शब्द आपल्याजवळ पुष्कळ आहेत.